वाऱ्याचा तास

ब्राह्मणपाऱ्यातल्या बालवाडीत मला ठेवून घेतलं ते माझ्या शिक्षणाकडे पाहून नव्हे. शिक्षण म्हणजे इंटर, तेही इंग्रजीत एकदा गचकून. झालं असं, की मोठ्या बाईंना भेटायला म्हणून मी व्हरांड्यात बसले होते आणि एका पोरानं येऊन माझ्या पदराला नाक पुसलं. मी ओरडले नाही, कारण पदर आईचा होता. तिची साडी नेसून आले होते आणि आता घरी काय सांगायचं, या विचारात मी बधिर झाले होते. मोठ्या बाई दारातून हे पाहत होत्या. "सोमवारपासून या," त्या म्हणाल्या, "संयम आहे तुमच्यात." तो संयम नव्हता हे मी त्यांना पुढे कितीतरी वर्षांनी सांगितलं. त्यांनाही ते तेव्हाच कळलं होतं, असं त्या म्हणाल्या. पण दुसरं कुणी आलंच नव्हतं.

आमचं बिऱ्हाड बूढापाऱ्यात (नागपूरच्या पूर्वेकडच्या या हिंदी मुलखात मोहल्ल्याला पारा म्हणतात), तळ्याकडे जाणाऱ्या गल्लीत. दोन खोल्या, मागं जरासं अंगण, अंगणात नळ. सकाळ व्हायची ती नळाखाली बादली ठेवल्याच्या आवाजानं, मग बाबांच्या खाकरण्यानं, मग गल्लीतून जाणाऱ्या भाजीवालीच्या हाकेनं. बाबा रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होते, आणि ते ऑफिस त्यांच्या बोटांतून घरी यायचं. कोणतीही गोष्ट ते सुतळीनं अशी बांधत की सोडायला विळीच लागे. बोलणंही तसंच, घट्ट गाठीचं. आई त्यांच्यासमोर फारशी बोलत नसे. ती नागपूरची, महालातली. पण माहेराविषयी विचारलं तर "होतं तसंच" एवढंच म्हणायची आणि भाकरी उलटायची.

माझ्या नोकरीवर बाबांचा मुळीच विश्वास नव्हता. "पोट्टे सांभाळनं हे का शिकवनं होय?" ते म्हणत. "उतरवून घ्याचे, मोजाचे, संध्याकाळी ज्याचे त्याले देऊन टाकाचे. हे तर मी बी करून राहिलो तीस वर्षं." अकोल्याच्या एका स्थळाकडून विचारणा आली होती. मुलगा सहकारी बँकेत, घरची शेती, आणि मुलाच्या आईची एकच अट, सून नोकरीवाली नको. मी रडून, न जेवून, आईला मध्ये घालून मुदत मागून घेतली. बाबा म्हणाले, "संक्रांतीपर्यंत. मी सोता येऊन पाहीन का शिकवतेस ते. शिकवनं दिसलं तर ठीक. नाही तर अकोला." मला अकोल्याबद्दल काही राग नव्हता. अकोला मी पाहिलंही नव्हतं. पण बालवाडीत मला 'दीदी' म्हणणारी बावीस पोरं होती, आणि त्याआधी मला जगात कुणी काही म्हणत नव्हतं.

बालवाडी म्हणजे एक लांबट हॉल. त्यात एक सतरंजी, एक पंखा, लाकडी ठोकळ्यांची पेटी आणि बिसाहिन बाई. बिसाहिन मुलांना घरून आणायची, परत पोचवायची आणि मधल्या वेळात मला शिकवायची. कोणतं मूल रडायच्या बेतात आहे, कोणतं शू करण्याच्या, हे तिला पाठीमागूनही कळे. मोठ्या बाई भोसल्यांच्या काळापासून इथं राहिलेल्या घराण्यातल्या, शुद्ध मराठी बोलणाऱ्या, सडपातळ. त्या कुठल्याशा शिबिराला जाऊन आल्या आणि तिथून एक वाक्य घेऊन आल्या: मूल हातानं शिकतं. झालं, पाट्या पेटीत गेल्या. आठवड्याला एक गोष्ट घ्यायची, ती मुलांनी हाताळायची, करायची, तिच्याशी खेळायचं. पहिल्या आठवड्यात पाणी घेतलं, तेव्हा सतरंजी तीन दिवस वाळत होती. दुसऱ्या आठवड्यात माती, त्याविषयी न बोललेलं बरं. संक्रांत जवळ आली तशा बाई मला म्हणाल्या, "शालिनी, आता वारा. आणि पतंग करवून घ्या त्यांच्याकडून. रविवारी पालकांना बोलवू." पालकांना बोलवायचं कारण होतं. क ख ग शिकवत नाहीत म्हणून कुरकुर सुरू झाली होती, आणि तिचे पुढारी होते गोलूचे दादाजी. गोल बाजारात त्यांचं भांड्यांचं दुकान, बालवाडीतली सहा मुलं त्यांच्याच गल्लीतली. ते उठले असते तर सहाही उठली असती.

मी सोमवारी मुलांना गोल बसवलं आणि विचारलं, "बच्चों, हवा कहाँ रहती है?"

बावीस बोटं वर गेली, छताच्या पंख्याकडे.

"पंखा तो बंद है," मी म्हटलं.

"तो हवा भी बंद है," गोलू म्हणाला. तो वर्गातला विद्वान. "ठंड में हवा छुट्टी पे जाती है."

मी त्यांना बाहेर कडुलिंबाखाली नेलं. पानं हलत होती. "देखो, पत्ते कौन हिला रहा है?"

"पेड़!"

"पेड़ कैसे हिलाएगा?"

"जैसे हम हाथ हिलाते हैं," एकीनं हात हलवून दाखवला, आणि मग सगळ्यांनी. झाडं हलतात म्हणून वारा येतो, यावर बाविसांचं एकमत झालं. त्या दिवशी ते मला इतकं पटलं, की घरी जाताना मी तळ्याकाठच्या झाडांकडे संशयानं पाहिलं. आज माझ्या नातवाच्या शाळेतून मोबाइलवर वाऱ्याचं वर्कशीट येतं. त्यात ढगाला गाल असतात, तो फुंकर मारतो, आणि मुलानं त्याला निळा रंग द्यायचा. तो देतो. कुणी त्याला झाडावर संशय घ्यायला लावत नाही, याचं मला वाईट वाटतं.

मी शेवटचा प्रयत्न केला. "हवा दिखती नहीं, पर होती है. और कहाँ होती है, सोचो."

गोलूनं विचार केला. "मेरे दादाजी के पेट में होती है. खाने के बाद निकलती है." आणि कशी, ते त्यानं तोंडानं करून दाखवलं. हाताळून शिकणं म्हणजे काय ते मुलांना एव्हाना ठाऊक झालं होतं. बाविसांनीही करून पाहिलं. मोठ्या बाई आवाज ऐकून बाहेर आल्या आणि तशाच परत आत गेल्या.

बावीस नव्हे, एकवीस म्हणायला हवं. टिकेश्वरी नावाची चार वर्षांची मुलगी, आम्ही तिला टिकी म्हणायचो, ती तोंडच उघडत नसे. दिवाळीनंतर आली होती, घरी म्हणे पोपटासारखी बोलायची. इथं बिसाहिनच्या लुगड्याचं टोक धरून बसायची आणि सगळं पाहायची. तिची आई रोज विचारायची, "आज कुछ बोली?" मी रोज सांगायची, "कल बोलेगी."

मंगळवारपासून पतंग. बिसाहिननं बांबूच्या कामट्या आणल्या, मी घरून रद्दीचे पेपर नेले, मैद्याची खळ शिजवली. पहिली वाटी मुलांनी खाल्ली. "दीदी, शक्कर नहीं डाली," अशी तक्रार आली. दुसऱ्या वाटीतली खळ केसांत, बाहीवर आणि उरलेली पतंगांवर गेली. कामटी मोडू नये म्हणून मी जाडच ठेवायला सांगितली होती, कागद फाटू नये म्हणून दुहेरी. शेपट्या हव्यातच असं सगळ्यांचं म्हणणं पडलं, आणि शेपटीला आपापलं काहीतरी हवं. कुणी रिबीन बांधली, कुणी पायमोजा, गोलूनं घरून आणलेला चमचा. शुक्रवारी ते बावीस पतंग भिंतीला टेकवून वाळत ठेवले, तेव्हा भिंत भरून गेली आणि माझा ऊरही. बिसाहिननं एक उचलून हातावर तोलला. "ए नइ उड़य दीदी," ती इथल्या बोलीत म्हणाली, "ए तो सूपा हे." सूपा म्हणजे धान्य पाखडायचं सूप. मला राग आला. मी दोरा बांधला आणि अंगणात पळत सुटले. पतंग माझ्यामागून फरशीवर खडखडत आला, चुकलेल्या कुत्र्यासारखा.

खरं सांगायचं तर मला पतंग उडवता येत नव्हता. मुलींच्या हातात कुणी दोरा देत नसे, आणि मीही मागितला नव्हता. हे बाईंना सांगायचं राहून गेलं होतं.

तो सूपा मी घरी घेऊन गेले. आई चुलीपुढं तीळ भाजत होती, घरभर खमंग वास. तिनं वर पाहिलं. "हे काय आणलं वं? चुलीले ढलप्या?"

"पतंग आहे आई," मी म्हटलं आणि रडायलाच लागले. अकोला, दादाजी, चमचा, सगळं एकदम सांगितलं. ती तीळ हलवत ऐकत राहिली. मग कढई उतरवून ठेवली, हात पुसले, पतंग उलटासुलटा करून पाहिला, आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी तोवर कधी पाहिलं नव्हतं. तिला किळस आली होती.

"हे शेपूट काहून लावलं?"

"पतंगाला असतं ना?"

"ज्याले उडवता येत नाही त्याच्या पतंगाले असते." तिनं मला गोल बाजारात पिटाळलं, पातळ पतंगी कागद आणि साधा दोरा आणायला. मांजा नको, पोरांचे हात आहेत, म्हणाली. परत आले तर ती अंगणात बसून विळीवर कामटी तासत होती. तासायची, दोन बोटांत वाकवून पाहायची, पुन्हा तासायची. दोन्ही बाजू सारख्या वाकल्या तेव्हा थांबली. हिरवा कागद कापला, खळ बोटाच्या टोकानं, नुसती लागली न लागली अशी. मग पतंगाच्या मधल्या काडीला जो दोरा बांधतात, ज्यावर त्याचा सगळा तोल, त्याला ती कन्ना म्हणाली, तो तिनं चारदा बांधला आणि तीनदा सोडला. बाबांची गाठ आणि ही गाठ एकाच घरातल्या आहेत यावर माझा विश्वास बसेना.

"तुला कसं येतं हे?"

"पाहून पाहून येते. भाऊ उडवत होते ना माहे, मी चक्री धरो." आणि ती पुन्हा तिळाकडे गेली.

रविवारी तळ्याकाठच्या मोकळ्या जागेवर आम्ही जमलो. पाण्याच्या बाजूला बिसाहिन हात पसरून भिंतीसारखी उभी. पालक तीसेक. दादाजी खुर्चीवर, खुर्ची ते दुकानातून घेऊन आले होते. बाबा एका झाडाखाली, हात मागे बांधून, माल तपासायला आल्यासारखे. आई बायकांसाठी तिळाच्या लाडवांचा डबा घेऊन आली होती, डोक्यावरून पदर, नेहमीसारखी. सगळं होतं, फक्त वारा नव्हता. तळं आरशासारखं. पान हलत नव्हतं. मोठ्या बाईंनी दोन शब्द बोलून मला खूण केली आणि मी म्हटलं, "चलो, दौड़ो!"

बावीस पोरं बावीस सुपं ओढत धावली. धुरळा उडाला, दुसरं काही उडालं नाही. पायमोजा सुटला, दोघांचे दोरे अडकले, एकजण दुसऱ्याच्या पतंगावर बसला. चमचा ठणठण करत दगडांवरून गेला. दादाजी उठून उभे राहिले. "यह पढ़ाई है?" ते म्हणाले. "घर का चम्मच घसीटना?"

मोठ्या बाई सावरायला पुढं आल्या. त्यांच्या हिंदीलाही शुद्धलेखन होतं. "बच्चों ने बहुत कुछ सीखा है. बताओ गोलू, वायु कहाँ होती है?"

गोलूनं अभिमानानं बोट दाखवलं. "दादाजी के पेट में!" आणि बाकीच्यांनी एका सुरात, करून दाखवलं.

बायकांनी पदर तोंडाला लावले. पुरुष तळ्याकडे पाहू लागले. मी बाबांकडे पाहिलं; त्यांच्या चेहऱ्यावर अकोला लिहिलेलं होतं, ठळक अक्षरात. मी मनातल्या मनात तिथली चूल पेटवायलाही लागले होते. तेवढ्यात माझ्या हातात लाडवांचा डबा आला. "धर," आई म्हणाली. ती माझ्याकडे पाहत नव्हती, तळ्याकडे पाहत होती. पाण्यावर पलीकडच्या काठाकडून बारीक सुरकुत्या येत होत्या.

तिनं पिशवीतून हिरवा पतंग आणि दोऱ्याची चक्री काढली, चक्री पायाशी ठेवली, पतंग बिसाहिनच्या हातात दिला आणि दूर जायची खूण केली. पदर डोक्यावरून काढून कमरेला खोचला. मग थांबली. सुरकुत्या आमच्या काठाला लागल्या, माझ्या कानामागचे केस हलले आणि आई म्हणाली, "सोड." बिसाहिननं पतंग सोडला. आई पळाली नाही, पाऊलही उचललं नाही. मनगटाला दोन झटके दिले, एकदा ढील, पुन्हा झटका, आणि पतंग वर गेला, असा, की जणू त्याला तिथंच जायचं होतं, आपणच इतका वेळ अडवून ठेवलं होतं. तिनं त्याला डावीकडे नेलं, उजवीकडे नेलं, उलटा करून पार पाण्यापर्यंत आणला. बायकांनी "अगंबाई" केलं. मग त्याला पुन्हा वर उभा केला. तिच्या तोंडून आवाज नव्हता, पण ओठ हलत होते.

मग मला आपण शिक्षिका आहोत हे आठवलं. मी पोरांची रांग लावली. एकेकानं यायचं, आईच्या हातामागं दोरा धरायचा. "कौन खींच रहा है?" मी विचारायची. पहिला म्हणाला, पतंग. दुसराही पतंग. गोलूनं दोरा धरला, त्याचे डोळे मोठे झाले, त्यानं वर पाहिलं, झाडांकडे पाहिलं, झाडं बिचारी जागच्या जागी उभी होती. "दीदी," तो कुजबुजला, "हवा खींच रही है. बिना पंखे के!" ते ऐकून दादाजी आले. "जरा देखें, खिंचाव कैसा है." आईनं दोरा दिला. दादाजींनी तो धरला, आणि धरूनच ठेवला. रांगेतली पोरं ओरडायला लागली, "दादाजी, बारी! दादाजी, बारी!" गोलूच्या आईला अखेर सासऱ्यांच्या हातातून दोरा काढून घ्यावा लागला.

शेवटी टिकी. बिसाहिन तिला घेऊन आली. आईनं दोरा तिच्या मुठीत दिला, वर आपला हात ठेवला, मग हळूच काढला. दोरा ताणला. टिकी त्याच्याकडे पाहत राहिली, मग आभाळाकडे, मग पुन्हा मुठीकडे. आणि तिनं मूठ उघडली.

दोरा सळसळत तिच्या बोटांतून गेला. चक्री गवतावर उड्या मारत फिरली, शेवटचा वेढा सुटला, आणि पतंग ब्राह्मणपाऱ्याच्या बाजूला चालता झाला. तीस माणसं माना वर करून पाहत राहिली. "अरे, छोड़ा क्यूँ?" दादाजी कळवळून म्हणाले.

टिकी त्यांच्याकडे वळली. "मांगत रिहिस," ती म्हणाली, स्पष्ट, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "त दे देंव." वारा मागत होता, म्हणून देऊन टाकला.

तिच्या आईनं मटकन बसून तोंडात पदर कोंबला. दादाजींनी पतंग गेला त्या बाजूला पाहिलं. मग म्हणाले, "बात तो सही है," आणि खुर्ची उचलून निघाले. सहा मुलांपैकी एकही उठलं नाही. उलट सोमवारी गोलूसोबत दादाजीच दारात हजर. आज काय आहे, विचारायला.

घरी जेवायला बसलो. तिवऱ्याची, म्हणजे लाखोळीच्या पाल्याची भाजी, भाकरी, ठेचा. बाबा ताटाकडे पाहतच म्हणाले, "चक्री धरता धरता असा हात येत नसते."

आई पोळपाट पुसत होती. "नाही येत."

"मंग?"

मग तिनं सांगितलं, माझ्यासमोर, सरळ. महालातल्या गच्चीवर दिनकरमामा कठड्याशी उभा राहायचा, हात वरखाली करायचा, आणि कठड्याखाली, कुणाला दिसणार नाही अशी, ती बसायची. दोरा तिच्या हातात. मुलीनं गच्चीवर जाऊन पतंग उडवणं घरात चालणार नव्हतं. सारा मोहल्ला म्हणायचा, दिनकरच्या पतंगाला तोड नाही.

बाबांच्या हातातला घास तिथंच राहिला. "अवं," ते म्हणाले, "मी तवा महालातच खोली घेऊन राहत होतो. दिनकररावाचे पतंग मी दोन वर्षं पाहिले. तुहं स्थळ आलं तर मी पाहाले बी नाही आलो. म्हटलं, ज्या घरी असा हात हाय, त्या घरची पोरगी कच्ची नसन. तो हात पाहून मी हो म्हटलं!"

"हात माहाच होता," आई म्हणाली आणि त्यांना अर्धी भाकरी वाढली.

"आन् दिनकररावाले मंग काय येते?"

आईनं विचार केला. "दुसऱ्याचा पतंग कटला का ओ काट म्हणून ओरडता मस्त येते त्याले."

बाबा हसायला लागले. ते हसताना मी आधी कधी पाहिलं नव्हतं म्हणून मला वाटलं त्यांना ठसका लागला, आणि मी पाणी आणायला पळाले. परत आले तर दोघंही हसत होती, आणि मला कुणी पाणी मागितलं नाही.

पुढच्या आठवड्यात अकोल्याचं कार्ड आलं. मुलाच्या आईनं लिहवून घेतलेलं. कन्या शाळेत जाते असे कानी आले, ते खरे काय, आणि खरे असल्यास विषय कोणता शिकविते, ते कळवावे. बाबांनी उलट कार्ड त्याच संध्याकाळी लिहिलं, पार्सलच्या लेबलावर लिहावं तशा मोठ्या, सुट्या अक्षरांत, आणि टाकायच्या आधी मला वाचायला दिलं. त्यात एकच ओळ होती. मुलगी वारा शिकविते.

अकोल्याहून पुन्हा पत्र आलं नाही.